सुटी शिडी

छपराखाली मोकळी जागा असली की माणूस आज ना उद्या तिथे अंथरूण टाकतो. हे बांधकाम खात्यालाही ठाऊक होतं. म्हणून खात्याने त्या जागेचे दोन प्रकार केले होते. एक माळा आणि दुसरी खोली. माळ्यावर सामान ठेवायचं, खोलीत माणसाने राहायचं. माळ्याला फारसं काही लागत नसे. खोलीला मात्र निम्म्या भागात तरी सव्वासात फूट उंची लागे, आग लागली तर माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी लागे, खाट आणि कपाट पेलतील अशा तुळया लागत, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कायमचा जिना लागे. कायमचा म्हणजे सारख्या उंचीच्या पायऱ्यांचा, बेताच्या चढाचा, कठडा असलेला आणि वर-खाली बोल्टने जखडलेला. असा जिना बसवायचा तर खालच्या घराची एक अख्खी भिंत जाते. आमच्या सोळा घरांच्या ओळीत प्रत्येकाकडे भिंती मोजून चार होत्या, आणि चारही भरलेल्या होत्या.

त्यामुळे लोक परवानगी माळ्याची घेत आणि राहत खोलीसारखे. या दोहोंच्या मध्ये जी फट होती तिच्यात शिडीवाल्या मिस्त्रींनी चाळीस वर्षं पोट भरलं. थोडं मीही भरलं, कारण एका मोजणीदाराच्या कचेरीत परवानगीचे नकाशे काढण्याचं काम मी करत असे. मला रेघा काढायची सवय आहे, लिहायची नाही. पण मिस्त्रींबद्दल लोक जे बोलतात ते निम्मंच आहे, आणि उरलेलं ठाऊक असलेला आता मी एकटाच राहिलो आहे.

मिस्त्रींची शिडी दिसायला जिन्यासारखी असे. पायरी रुंद, कडा गोल घासलेल्या, हाताला कठडा. म्हातारं माणूसही चढेल. पण वर ती दोन लोखंडी आकड्यांवर अडकवलेली असे आणि खाली नुसती टेकलेली. आकड्यांची जागा त्यांनी अशी साधलेली की खात्याचा माणूस तपासणीला आला की मिस्त्री खालच्या पायरीला एक हात घालत आणि सगळी शिडी दोन इंच उचलून दाखवत.

"सुटी आहे साहेब."

साहेब वहीत लिहीत, शिडी सुटी, माळा सामानाचा. त्या वेळी वर कोणीतरी श्वास धरून बसलेलं असे आणि साहेबांनाही ते माहीत असे. एकदा माळ्यावरून खोकला ऐकू आला तेव्हा साहेब वर न बघता म्हणाले, "तुमच्या सामानाला औषध द्या, मिस्त्री."

नकाशात कायमची वस्तू सलग रेघेने दाखवतात आणि सुटी वस्तू तुटक रेघेने. मी किती तुटक शिड्या काढल्या असतील याचा हिशोब नाही. तुटक रेघ ओढताना हात आपोआप उचलला जायचा. मिस्त्री मला "नकाशे" म्हणत. "अहो नकाशे, तुमची रेघ तुटली म्हणून आमचं जुळलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. आपलं बोलणं विनोदी आहे असं त्यांना वाटे आणि बऱ्याचदा ते असेही.

त्यांच्या स्वतःच्या घरातही अशीच शिडी होती आणि वर माळ्यावर ताई राहत.

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मिस्त्रींना त्यांनीच वाढवलं. पुढे लग्न झालं, नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, आणि एके दिवशी ताई एक ट्रंक घेऊन भावाच्या दारात उभ्या राहिल्या. मिस्त्रींचं नुकतंच लग्न झालेलं. खाली एकच खोली, तिच्याच कोपऱ्यात स्वयंपाक. मिस्त्रींनी माळा झाडून दिला आणि ताई वर गेल्या. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. रोज पहाटे खाली उतरून त्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायला जात आणि संध्याकाळी परत वर चढत.

माळ्याच्या परवानगीचा नकाशा मी काढला होता. त्यात वरच्या चौकोनात मी नियमाप्रमाणे "सामान" असं लिहिलं. मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तो कागद बघितला आणि हसून म्हणाल्या, "भाऊजी, ताईंना सामान करून टाकलंत की." तेव्हापासून तो घरातला विनोद झाला. जेवायची वेळ झाली की ताई शिडीच्या तोंडाशी बसून खाली म्हणायच्या, "सामान येतंय गं, ताट घे." पहिली काही वर्षं सगळे हसायचे. मग कोणी हसेनासं झालं, पण बोलायची सवय तशीच राहिली.

वहिनी वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, मी या घरात आल्यापासून माझ्या डोक्यावर कोणीतरी चालतंय. मी नवऱ्याशी भांडायचं तरी हळू आवाजात."  त्यांच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू घरात होती, माहेरहून आलेलं लाकडी कपाट. ते शिडीसमोरच्या लांब भिंतीला उभं होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेला असे.

मग आमची ओळ पाडून तिथे मोठी इमारत बांधायचं ठरलं. नोटीस आली. नव्या इमारतीत प्रत्येकाला त्याच्या जुन्या घरात नोंदलेल्या जितक्या राहत्या खोल्या असतील तितक्या मिळणार होत्या. खाली आणखी एक कलम होतं. ज्या माळ्यावर खरोखर कोणी राहत असेल आणि तो माळा खोलीच्या नियमांत बसत असेल, तो तीन महिन्यांच्या आत खोली म्हणून नोंदवून घेता येईल. तपासणी होईल आणि राहणाऱ्या माणसाची सही घेतली जाईल.

ओळीतल्या चौदा घरांनी नोटीस वाचून सोडून दिली. एकाने तर तिचाच कागद खिडकीच्या फुटक्या काचेला लावला. मिस्त्री मात्र ती घेऊन माझ्याकडे आले. त्यामागे कारण होतं. त्याच थंडीत ताई शिडीवरून पडल्या होत्या. मनगट मोडलं ते जुळलं, पण उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी शिडी बंद सांगितली. तेव्हापासून ताईंचं अंथरूण खाली, खाट आणि कपाट यांच्या मधल्या पट्ट्यात पडत असे, आणि रात्री पाणी प्यायला उठलं तरी वहिनींना त्यांना ओलांडून जावं लागे. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या.

"खरा जिना केला तर ती वर जाईल," मिस्त्री म्हणाले. "आणि माळा खोली म्हणून लागला तर नव्या इमारतीत दोन खोल्या. एक आमची, एक तिची. काढा नकाशा."

"तुमची भिंत जाईल."

"जाऊ दे."

"कपाटाची भिंत, मिस्त्री."

त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "तुम्ही मापं घ्या. कपाटाचं मी बघतो."

माझं घर शेजारचंच, त्यामुळे कपाटाचं त्यांनी कसं बघितलं ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. वहिनी या वेळी हळू आवाजात भांडल्या नाहीत. शेवटी कपाट मागच्या अंगणात गेलं, त्याच्यावर ताडपत्री पडली, आणि वहिनी रोज सकाळी ताडपत्रीखाली वाकून कपडे काढताना दिसू लागल्या.

माळ्याची उंची चार बोटं कमी भरली. छप्पर उचलता येत नव्हतं, म्हणून जमीन खाली घ्यायची ठरली. खालच्या खोलीलाही किमान उंचीचा नियम होता आणि त्यात बरोबर साडेचार बोटं शिल्लक होती. मिस्त्रींनी जुन्या तुळया काढून नव्या, जरा अरुंद पण जास्त जवळजवळ बसवल्या. खाली फळ्या, वर फळ्या, मध्ये आग अडवणारे जाड पुठ्ठे. "आपल्या भाषेची गंमत बघा, नकाशे," ते छपरात डोकं घालून बोलत होते. "खोली म्हणायचं आणि उंची मागायची."

मग छपरातली खिडकी मोठी केली. नियम म्हणत होता की माणूस तिच्यातून बाहेर पडला पाहिजे. खात्री करायला मिस्त्री स्वतः तिच्यात शिरले आणि कमरेशी अडकले. मी एका पायाला धरून ओढत होतो आणि खालून ताई बघत होत्या.

"तरी मी म्हणत होते याला पोटमाळा का म्हणतात," ताई म्हणाल्या.

"ताई, हसू नकोस. मागे ओढायला सांग त्यांना."

"नियम माणसाचा आहे रे. तुझ्या पोटाचा नाही. श्वास सोड."

त्या दिवशी वहिनीही तोंडावर पदर धरून हसल्या. त्या घरात सगळे एकत्र हसलेले मी शेवटचं तेव्हा बघितलं.

जिना करायला मिस्त्रींना पाच आठवडे लागले. शिडी ते तीन दिवसांत करत. पण शिडी आकड्यावर लटकते, जमीन थोडी खाली-वर असली तरी ती सांभाळून घेते. जिना काही सांभाळून घेत नाही. त्याच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्या उंची सारख्या लागतात, आणि वर फळ्या बसल्या की शेवटची पायरी तेवढी उंच होते. ही चूक त्यांनी एकदा केली. सगळ्या पायऱ्या काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून कापल्या. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते नवशिक्या सुताराच्या हौसेने काम करत होते. कठड्याला त्यांनी इतकं घासलं की अंधारातही हात आपोआप त्याच्यावर घसरत जाई.

जिना उभा राहिला त्या संध्याकाळी ताई वर गेल्या. एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. वर पोचल्यावर त्यांनी खाली वाकून कप दाखवला. एकतीस वर्षांत त्यांनी माळ्यावर चहा नेला नव्हता. शिडी उभी, तिला दोन्ही हात लागतात, त्यामुळे वर जे न्यायचं ते पाठीला बांधून. मी आणि मिस्त्री खाली उभे होतो. मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांडला नाही."

दुसऱ्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. मिस्त्रींचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. नव्या इमारतीत दोन खोल्या मिळणार असं आईकडून कळल्यावर तो म्हणाला, मग आम्ही नवरा-बायको तिकडेच येतो, भाड्याच्या घरात राहून कंटाळलो. वहिनींचा सहा वर्षांपूर्वी गेलेला मुलगा परत येणार होता. त्या दिवसापासून "एक खोली आमची, एक ताईंची" हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नाही. दुसरी खोली कोणाची, हेही कोणी उच्चारलं नाही.

तपासणीच्या तीन दिवस आधी मी शेवटची मापं घ्यायला गेलो. ताई कामावर होत्या, वहिनी बाजारात. मिस्त्री मागच्या अंगणात कपाटाच्या आडोशाला बसून करवतीने बोल्ट कापत होते. बोल्टचं डोकं तेवढं ठेवायचं, खालचा दांडा तोडून टाकायचा. आठ डोकी ओळीने मांडली होती. शेजारी सरसाचं भांडं होतं.

"हे काय, मिस्त्री?"

"डोकी उडवतोय. बसा."

मी आत जाऊन जिना बघितला. खालच्या पायरीपाशी पोलादी पट्टी होती, तिला आठ भोकं होती आणि ती भोकं जमिनीत गेलेलीच नव्हती. वर बघितलं. शेवटच्या पायरीमागे एक सुबक लाकडी पट्टी ठोकलेली. तिच्या फटीतून आकडे दिसत होते. तेच दोन आकडे. चाळीस वर्षं त्यांनी पक्क्या राहणाऱ्या माणसांची शिडी सुटी करून दाखवली होती. आता सुटी शिडी पक्की करून दाखवायची होती.

मी बाहेर आलो.

"कागद हातात पडेपर्यंत," ते म्हणाले. "बायकोने अट घातलीय. कागद आला की कपाट परत भिंतीला. मग इथे आपली शिडी."

"ताईंना शिडी चढवत नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मावशीची मुलगी आहे ना, तिच्याकडे राहील. इमारत होईपर्यंत."

"इमारतीला चार-पाच वर्षं लागतील, मिस्त्री. आणि त्यानंतर?"

त्यांनी करवत खाली ठेवली. "मुलगा म्हणतो तिकडे नोकरीत दम नाही. त्याची आई रोज रात्री रडते. ताईने मला वाढवलं, खरं आहे. पण बायकोनेही तीस वर्षं तोंड दाबून काढली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही एकटे आहात, तुम्हाला नाही कळायचं."

"खोली ताईंच्या नावावर मागायची," मी म्हणालो, "सही ताईंची घ्यायची—"

"नकाशे," ते म्हणाले, "तुमच्याकडे रेघ आहे. सलग काढा. बाकीचं माझं मी बघतो."

मी घरी आलो आणि रेघ सलग काढली. कोणी काही सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही, हे काही कारण होत नाही. रेघ काढायला अर्धं मिनिट लागलं असेल. इतक्या वर्षांनी शिडीच्या जागी सलग रेघ काढताना हात मध्येच उचलला जाईल अशी मला धास्ती वाटत होती. तसं काही झालं नाही. रेघ सरळ आली.

तपासणीला खात्याच्या बाई आल्या. तिशीच्या असतील, पायात जाड बूट, हातात लाल ठिपका पाडणारं मापाचं यंत्र. कामात कडक पण बोलायला बऱ्या. त्यांनी माळ्याची उंची चार ठिकाणी घेतली. सव्वासात फूट आणि वर अर्धं बोट. त्यांनी फळ्यांवर उड्या मारून पाहिल्या. खिडकीतून स्वतः खांद्यापर्यंत बाहेर गेल्या आणि आत आल्या. प्रत्येक पायरीची उंची मोजली, एकही कमी-जास्त भरली नाही. "हा कोणी केला?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी मान खाली घातली. "आम्ही रोज जिने बघतो," बाई म्हणाल्या, "असा क्वचित." मग त्या खाली बसल्या आणि पेन्सिलीच्या टोकाने पट्टीवरचे बोल्ट ठोकले. एक, दोन, तीन. एका भोकापाशी थांबल्या.

"इथला एक राहिलाय."

"बसवतो," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आजच बसवा," असं म्हणून बाईंनी नकाशाच्या कडेला बरोबरची खूण केली.

मी दाराशी उभा होतो. वहिनी चुलीपाशी. ताई जिन्याच्या पायाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कामावरून रजा काढली होती, धुतलेली साडी नेसल्या होत्या. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. गुडघा दुखत असेल असं मला वाटलं.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "वर राहतं कोण?"

"माझी बहीण," मिस्त्री म्हणाले. "एकतीस वर्षं."

"त्यांनी सांगायला हवं. आजी, तुम्ही वर राहता ना? इथे सही करा."

ताईंनी कागदाकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं. मिस्त्री जिन्याच्या कठड्याकडे बघत होते.

"नाही," ताई म्हणाल्या. "मी वर राहत नाही."

बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे सध्या नाही का?"

"कधीच नाही. वर कोणी राहत नाही."

"ताई, काय बोलताय," वहिनी पुढे आल्या. "वयामुळे होतं बाई यांचं असं. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही."

"वर अंथरूण आहे," बाई म्हणाल्या. "उशाशी चष्मा आहे, गुडघ्याचं तेल आहे. ते कोणाचं?"

"असेल कोणाचं. लोक काय वाटेल ते वर टाकून देतात."

 बाईंनी पेन बाजूला केलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजी, नीट विचार करा. ही खोली नोंदली तर नव्या इमारतीत तुम्हाला हक्काची खोली मिळेल. तुमच्या नावावर. आज नाही म्हणालात तर मला परत येता येणार नाही. मुदत शुक्रवारी संपते."

"विचार करूनच सांगते, बाई. तुम्ही चांगल्या आहात. लिहा तुम्ही."

बाईंनी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचायची गरज नव्हती.

त्या गेल्यावर वहिनी जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. मुलगा, सहा वर्षं, ताडपत्री, बुरशी आलेले कपडे, सगळं त्यात होतं आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. ताईंनी ते सगळं उभ्याने ऐकलं. मग कठडा धरून सावकाश वर गेल्या, पिशवी भरली आणि सावकाश खाली आल्या. धुलाईखान्यातल्या एका बाईकडे जागा होती. तिथे जाते म्हणाल्या. मिस्त्री तळाच्या पायरीवर बसले होते. ताईंना उतरायला वाट हवी म्हणून ते फक्त एका बाजूला सरकले. थांब, एवढा एकच शब्द लागला असता. तो त्यांच्या तोंडात होता, मला दिसत होता. पण वहिनी समोर उभ्या होत्या.

ओळ पडली. मिस्त्रींना नव्या इमारतीत एक खोली मिळाली. एक खोली म्हटल्यावर मुलगा आला नाही. सपाट छताच्या इमारतीत माळे नसतात, त्यामुळे शिड्याही संपल्या. मिस्त्री दुपारी माझ्याकडे येऊन बसत, स्टुलाचा पाय हलत असला तर ठोकून देत. महिन्यातून एकदा ताईंकडे जात. ताई चहा करत, गुडघ्याबद्दल बोलत, वहिनी कशी आहे विचारत. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणीही कधी काही काढलं नाही. "विचारायचं धाडस होत नाही," ते मला म्हणाले होते. "तिला काय कळलं होतं आणि काय नाही, कोण जाणे. म्हातारपणी डोकं फिरलं असेल." एवढं म्हणून ते माझ्याकडे बघत राहत. मी स्टुलाकडे बघे.

आधी ताई गेल्या, मागच्या वर्षी मिस्त्री. लोक जमले तेव्हा एक जण म्हणाला, मिस्त्रींनी किती जणांना डोक्यावर छप्पर दिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्यांना मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. पिशवी घेऊन निघाल्यावर ताई आधी माझ्या दारात आल्या होत्या. आत आल्या नाहीत. त्यांनी उजवी मूठ उघडली. तळव्यावर बोल्टचं एक डोकं होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला वाळलेला सरस.

"सकाळी पायरी पुसताना फडक्यात आलं," त्या म्हणाल्या. "मग वरची पट्टी पण बघितली. ते आकडे इतकी वर्षं मीच कानशीने घासून देत आलेय त्याला."

त्यांनी मूठ पुन्हा मिटली.

"नकाशा तुम्ही केलात, भाऊ. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला वाटतं, पण तेवढाही नसेल.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "निदान एकाला तरी माहीत नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, कोपऱ्यापर्यंत पिशवी धराल का. मी धरली. त्या माझ्या पुढे भिंतीच्या आधाराने चालत होत्या, आणि तेवढ्या वाटेत दोनदा थांबून मागे वळल्या आणि म्हणाल्या, जड नाही ना.